कार्बन डायऑक्साइड वाढला की जंगल वाढतं का? थंड मुलखातले प्रयोग आणि खानापूरची जांभ्याची जमीन

प्रश्न, थोडक्यात: बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला आमची पाच एकर उताराची जमीन आहे. वरच्या बाजूला निलगिरी आणि अकेशिया, ओढ्याकडेला जुने ऐन, किंजळ आणि जांभूळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे युरोप-अमेरिकेतली जंगलं पूर्वीपेक्षा जोमानं वाढताहेत, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं आहे का? आणि आमच्या झाडांनाही तो फायदा आपोआप मिळेल असं धरून चालावं का?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं हो. दुसऱ्याचं उत्तर: धरून चालू नका.

पान जास्त कार्बन ओढून घेतं, यात आता वाद राहिलेला नाही. पण ओढलेला कार्बन बुंध्यात लाकूड होऊन बसतो की मुळांतून, मातीतून थोड्याच काळात परत हवेत जातो, हे ठरतं जमिनीतल्या नत्र-स्फुरदावर (नायट्रोजन आणि फॉस्फरसवर), पाण्यावर आणि झाडाच्या वयावर. समशीतोष्ण जंगलांत गेल्या तीसेक वर्षांत जे मोठे प्रयोग झाले, त्यांची उत्तरं वरवर बघितली तर एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येक प्रयोगाखालची जमीन बघितली की त्यातली बरीचशी जुळायला लागतात. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तरही शेवटी मातीपाशीच येतं.

आधी पानात काय होतं ते बघू. कारखाने सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० पीपीएम होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. झाडाच्या पानात रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) हा कार्बन पकडतं. त्याची एक खोड आहे: दर चार-पाच वेळांतून एकदा ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडतं, आणि ती चूक निस्तरायला झाडाला आधी पकडलेला कार्बन खर्चावा लागतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही चूक कमी होते. हवा जितकी गरम तितकी चूक जास्त, त्यामुळे कागदावर तरी गरम मुलखातल्या पानांना थंड मुलखापेक्षा जास्त फायदा दिसतो. 'आपल्याकडे तर आणखी वाढ होईल' हा दावा इथूनच निघतो. तो पानापुरता खरा आहे.

ही गोष्ट सगळ्या पिकांना सारखी लागू नाही. ऊस, ज्वारी, मका यांच्या पानांत कार्बन आधीच गोळा करून रुबिस्कोपाशी पोचवण्याची सोय असते. त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तरी पाण्याची बचत सोडली तर त्यांना फारसं काही मिळत नाही. भात, सोयाबीन, निपाणीकडचा तंबाखू आणि जंगलातली बहुतेक सगळी झाडं मात्र दुसऱ्या गटात येतात. त्यांना फायदा होऊ शकतो.

दुसरा फायदा पाण्याचा. पानाच्या खालच्या बाजूला जी पर्णरंध्रं असतात, त्यांतूनच कार्बन आत येतो आणि त्यांतूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. हवेत कार्बन भरपूर असला की रंध्रं थोडी कमी उघडली तरी काम भागतं. ५५० पीपीएमच्या आसपास केलेल्या प्रयोगांत रंध्रांतून होणारी ये-जा साधारण वीस टक्क्यांनी घटलेली दिसते. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत त्याहून कमी. अख्ख्या जंगलाच्या पातळीवर बचत आणखी कमी होते, कारण पानांतून वाफ कमी गेली की शेंड्याभोवतीची हवा जास्त कोरडी होते आणि तीच पानांतून पाणी ओढायला लागते. स्वित्झर्लंडमधल्या जुन्या झाडांत बुंध्यातून वर जाणारं पाणी सुमारे दहा ते पंधरा टक्क्यांनीच घटलं.

आता प्रयोगांकडे. बंद काचघरात कुंडीतल्या रोपाला जादा कार्बन दिला की ते हमखास तरारतं, पण कुंडीत खत-पाणी माणूस घालतो. म्हणून १९९० च्या दशकात खुल्या जंगलातच कार्बन डायऑक्साइड सोडण्याची पद्धत आली. झाडांच्या एका गोल तुकड्याभोवती, बहुधा पंचवीस ते तीस मीटर व्यासाच्या, शेंड्याइतक्या उंचीचे नळ उभे करतात. टँकरनं आणलेला द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वाफ करून नळांत सोडतात. वारा ज्या बाजूनं येतो त्याच बाजूचे नळ उघडतात, मधोमध लावलेलं यंत्र सतत प्रमाण मोजतं, आणि संगणक त्यानुसार गॅस कमी-जास्त करतो. वारा फार असेल तर गॅस उडून जातो, म्हणून तेवढ्यापुरतं सोडणं थांबवतात. शेजारी तसेच नळ आणि पंखे लावलेले, पण साधीच हवा सोडणारे तुकडे तुलनेसाठी ठेवतात. ती तुलना नसेल तर पंख्यांचा परिणामही कार्बनच्या खात्यावर जमा होईल. टँकरमधला कार्बन बहुधा जमिनीखालच्या इंधनातून आलेला असतो, त्याच्या समस्थानिकांचं (कार्बनच्या हलक्या-जड अणूंचं) प्रमाण साध्या हवेपेक्षा वेगळं असतं. त्यामुळे तो पुढे पानात, मुळात, बुरशीत की मातीत गेला, याचा माग काढता येतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात लॉब्लॉली पाइनच्या तरुण लागवडीवर १९९६ पासून २०१० पर्यंत हवेपेक्षा २०० पीपीएम जास्त कार्बन डायऑक्साइड दिला गेला. झाडांची वर्षाची एकूण वाढ पाव हिश्श्याच्या आसपास जास्त राहिली आणि ती टिकली. टिकली ती झाडांनी जमिनीतून जादा नत्र खेचून आणला म्हणून. जादा कार्बन मुळांवाटे बुरशीला आणि जिवाणूंना मिळाला, त्यांनी जुनं सेंद्रिय द्रव्य कुजवलं आणि त्यातला नत्र मोकळा झाला. त्याची किंमतही मोजावी लागली: पाचोळा वाढूनही मातीत साठलेला कार्बन मात्र वाढला नाही.

टेनेसीतल्या ओक रिज इथला प्रयोग तुम्ही सगळ्यात नीट समजून घ्यावा असा आहे. तिथे स्वीटगम नावाच्या पानझडी झाडांची लागवड होती आणि १९९८ पासून तिला जादा कार्बन दिला जात होता. २००१ ते २००३ या काळात वाढ २४ टक्के जास्त होती. २००८ पर्यंत हा फरक ९ टक्क्यांवर आला. गॅस तेवढाच, झाडं तीच. कमी पडला तो नत्र. दरवर्षी जादा पानं, जादा मुळं तयार होत गेली, त्यांत नत्र अडकत गेला, आणि जमीन तो पूर्वीइतक्या वेगानं परत देऊ शकली नाही. शेजारच्या तुकड्यात नत्र खत घातल्यावर झाडं लगेच वाढली, त्यामुळे कारणाबद्दल शंका राहिली नाही. जादा कार्बनचा मोठा भाग बारीक मुळांत गेला. ही मुळं दुपटीहून जास्त तयार झाली आणि जास्त खोल गेली. पण बारीक मूळ थोड्याच काळात मरतं आणि कुजतं. त्याचं लाकूड होत नाही. उसाच्या गाड्या दुप्पट आल्या म्हणून कारखान्यातून साखर दुप्पट निघत नाही, गाळप जेवढं तेवढीच साखर. झाडाचं गाळप नत्र आणि स्फुरदावर चालतं.

हे दोन्ही प्रयोग तरुण लागवडीवरचे होते. तरुण झाडात एक फसवा भाग असतो. शेंडे एकमेकांना भिडण्याआधी जादा कार्बन मिळाला तर पानं लवकर वाढतात, जास्त पानं जास्त कार्बन घेतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतला थोडासा फरक चक्रवाढ व्याजासारखा फुगत जातो. शेंडे भिडले, सावली पूर्ण झाली की ही वाट बंद होते. नंतर दिसणारी आघाडी बऱ्याचदा त्या सुरुवातीचीच असते.

म्हणून जुन्या जंगलांतले प्रयोग जास्त मोलाचे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराजवळच्या होफस्टेटन इथे शंभरेक वर्षांच्या, तीस मीटरहून उंच मिश्र पानझडी झाडांच्या शेंड्यांत क्रेनच्या मदतीनं बारीक छिद्रांच्या नळ्या गुंफल्या आणि २००१ ते २००८ जादा कार्बन दिला. पानांनी तो घेतला, पण बुंध्याची वाढ टिकून वाढलेली दिसली नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये सुमारे १८० वर्षांच्या ओकच्या जंगलात २०१७ पासून १५० पीपीएम जादा दिला जातो आहे. तिथे सात वर्षांच्या सरासरीत लाकडाची वाढ जवळपास दहा टक्क्यांनी जास्त निघाली. म्हातारं झाड प्रतिसादच देत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही ते या प्रयोगामुळे. पण तिथे भोवती शेतजमीन आहे आणि हवेतून नत्र येऊन पडतो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

यात मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचा मोठा हात आहे. पाइन आणि ओक यांच्या मुळांवर जी बुरशी बाहेरून आवरण करते, ती पाचोळ्यातला, सेंद्रिय रूपात अडकलेला नत्र फोडून झाडाला देऊ शकते. स्वीटगम आणि मेपल यांच्या मुळांच्या आत वाढणारी दुसऱ्या जातीची बुरशी ते काम फारसं करत नाही. निरनिराळ्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा पहिल्या गटातली झाडं नत्र कमी असतानाही वाढली, दुसऱ्या गटातली वाढली नाहीत. आपल्या सह्याद्रीतली बहुतेक झाडं दुसऱ्या गटातल्या बुरशीवर अवलंबून आहेत.

आता ऑस्ट्रेलिया. सिडनीच्या पश्चिमेला, स्फुरद अतिशय कमी असलेल्या जमिनीवर, निलगिरीचं जुनं नैसर्गिक जंगल आहे. २०१२ पासून तिथे १५० पीपीएम जादा कार्बन दिला गेला. प्रकाशसंश्लेषण १२ टक्क्यांनी वाढलं, बुंधे मात्र वाढले नाहीत. जादा कार्बन झाडाच्या आणि मातीतल्या जिवांच्या श्वसनावाटे परत हवेत गेला. त्याच भागातल्या झाडांना स्फुरद दिल्यावर मात्र बुंधे वाढले. ही निलगिरी म्हणजे युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. कर्नाटकात 'मैसूर गम' म्हणून जी लावली जाते ती मुख्यतः याच जातीची. तुमच्या वरच्या बाजूला मैसूर गम असेल आणि खाली जांभ्याची जमीन, तर ड्यूकचा पाइन सोडा आणि सिडनीचा निकाल वाचा.

एवढं झाल्यावर व्याख्यानात ऐकलेल्या मूळ दाव्याकडे येऊ. युरोप आणि पूर्व अमेरिकेतली जंगलं विसाव्या शतकात खरोखर वाढली आणि अजूनही पुष्कळ कार्बन ओढताहेत. पण त्याला कार्बन डायऑक्साइड हे एकच कारण नाही. न्यू इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शेती सोडून लोक पश्चिमेला गेले आणि ओसाड शेतांवर जंगल परत उगवलं; मॅसॅच्युसेट्समधलं हार्वर्डचं जंगल १९९० च्या दशकापासून सतत मोजलं जातंय, ते अशाच जमिनीवर आहे. वयात येणारं जंगल वाढतंच. दुसरं कारण, कारखाने, मोटारी आणि खतांमधून हवेत गेलेला नत्र पावसाबरोबर जंगलावर पडला. तिसरं, थंडी कमी होऊन पालवी लवकर फुटायला लागली, पानं झाडावर जास्त दिवस राहायला लागली. या सगळ्यातून कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुटा काढणं फार अवघड, आणि खोडातल्या नुसत्या वाढवलयांवरून तर जवळजवळ अशक्य. पाणी वापरण्याची काटकसर वलयांत स्पष्ट वाढलेली दिसते. खोडाची वाढ बऱ्याच ठिकाणी दिसत नाही.

जर्मनीतल्या जुन्या निरीक्षण-क्षेत्रांत १८७० पासूनच्या नोंदी आहेत. तिथे झाडं पूर्वीपेक्षा लवकर जाड होतात हे खरं, पण लाकडाची घनता ८ ते १२ टक्क्यांनी घटली आहे. म्हणजे टेपनं घेर मोजून जेवढा कार्बन वाढल्यासारखा वाटतो, तेवढा तो नसतो. लवकर वाढलेलं झाड लवकर मरण्याची शक्यताही जास्त असते, आणि जंगलातला कार्बनसाठा वेगापेक्षा झाड किती वर्षं उभं राहतं यावर जास्त ठरतो. शिवाय उष्णता आणि दुष्काळ. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपच्या वनस्पतींची साधारण चार वर्षांची कार्बनसाठवण एका मोसमात पुसली गेली. २०१८ नंतरच्या कोरड्या वर्षांत जर्मनीत स्प्रूसची जंगलं साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी वाळली, आणि त्या देशाच्या अलीकडच्या वनमोजणीत जंगल कार्बन घेण्याऐवजी सोडताना दिसलं. रंध्रांतली पाण्याची बचत अशा उन्हापुढे पुरत नाही.

हवेतला ओझोनही आड येतो. विस्कॉन्सिनमधल्या ऱ्हाइनलँडर इथे ॲस्पेन, बर्च आणि मेपलवर कार्बन डायऑक्साइड आणि ओझोन एकत्र सोडून बघितला, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत ओझोननं कार्बनचा फायदा बराचसा खाऊन टाकला.

आता आपल्या मुलखाबद्दल. खानापूरचं जंगल समशीतोष्ण नाही. जांबोटी, कणकुंबी, भीमगडचा पट्टा हा मोसमी पावसाचा, निमसदाहरित आणि पानझडी जंगलांचा. इथे पानगळ थंडीनं होत नाही, पाणी आटल्यानं होते. त्यामुळे 'हिवाळा कमी झाला, मोसम लांबला' हा युरोपातला फायदा इथे उतरत नाही. इथला मोसम पाऊस आणि जमिनीतली ओल ठरवते. फेब्रुवारी ते मे या काळात पाण्याची बचत कामाची ठरू शकते, पण उन्हाळ्याची हवा जितकी तापेल तितकी ती पानांतून जास्त पाणी ओढेल, आणि बचत तिथेच खर्च होईल.

खरी अडचण जमिनीची. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं स्फुरदाला घट्ट धरून बसतात. एकूण स्फुरद असतो, पण मुळांना मिळत नाही. इथल्या जंगलाचा स्फुरद मुख्यतः पाचोळ्यातून फिरतो: पान पडतं, कुजतं, वरच्या चार-सहा इंचांतली मुळं आणि बुरशी तो बांधला जाण्याआधी उचलते. म्हणून पाचोळा उचलणं हे या जमिनीवर थेट स्फुरद उचलणं आहे. भाताच्या तरव्यासाठी राब भाजायला पाला आणि फांद्या नेल्या तर नत्र धुरातून जातो, स्फुरद आणि पालाश राखेतून तरव्याच्या वाफ्यात जातो, आणि उतार तेवढा कंगाल होतो. राब बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण ज्या तुकड्यातून वर्षानुवर्षं पाला जातो तिथली झाडं हवेतल्या जादा कार्बनचा फायदा घेतील, ही अपेक्षा सोडावी. वणव्याचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) साफ करून घेतली तर पाचोळा जागेवर राहतो.

अकेशियाबद्दल एक वेगळा मुद्दा. ती मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवते, म्हणून ओक रिजसारखी नत्राची अडचण तिला येणार नाही. पण नत्र बांधायला स्फुरद जास्त लागतो. म्हणजे अडचण फक्त नत्राकडून स्फुरदाकडे सरकते.

तणांकडे लक्ष ठेवा. ड्यूकच्या प्रयोगात जादा कार्बनचा सगळ्यात ठळक फायदा घेणाऱ्यांत पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल होती. तिची वाढ दीडशे टक्क्यांच्या आसपास जास्त झाली आणि तिच्यातलं खाज आणणारं द्रव्यही जास्त तीव्र झालं. वेलीला बुंधा बांधायचा नसतो, मिळालेला कार्बन ती थेट पानांत घालते. आपल्याकडे रानमोडी आणि घाणेरी मोकळ्या उजेडात पानं झपाट्यानं वाढवतात. त्यांच्यावर इथे असा प्रयोग झालाय असं नाही, तरी निलगिरी तोडून जागा उघडी टाकाल तर हवेतल्या कार्बनचा पहिला फायदा त्याच घेतील असं मानून चला. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमीन मऊ असताना, फुलं येण्याआधी, मुळासकट उपटाव्यात. कापलेली रानमोडी परत फुटते.

माती तपासायला द्याल तेव्हा खोलीप्रमाणे वेगळे नमुने घ्या: ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर. वरचा पाचोळा बाजूला करूनच खणा. निलगिरीखालचा, ओढ्याकडेचा आणि उघड्या जागेचा नमुना एकत्र करू नका. सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध स्फुरद मागा. स्फुरदासाठी ब्रे पद्धत सांगा. ती आम्लधर्मी लाल-जांभ्या मातीसाठी आहे. गोकाक, अथणीकडच्या काळ्या, अल्कधर्मी मातीला चालणारी ओल्सन पद्धत इथे वापरली तर आकडा दिशाभूल करतो, आणि बऱ्याचदा नेमकी हीच चूक होते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी, ०.७५ च्या वर असेल तर चांगला धरतात.

स्फुरद कमी निघाला तर नव्या रोपाला तो शेणखतात मिसळून खड्ड्यात, मुळांच्या टप्प्यात द्या. सुपर फॉस्फेट पृष्ठभागावर फेकलं तर जांभ्याची माती बराचसा बांधून टाकते. सामू ५.५ च्या खाली असेल तर रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळून उपयोगी पडतं. ओढ्याकडेच्या जुन्या ऐन-जांभळाला मात्र खत घालू नका; तिथे पाचोळा राहू देणं एवढंच करायचं. सपाटून खत दिलं तर झाडाआधी तणच ते घेतं.

झाडं खरोखर किती वाढतात हे जाणून घ्यायचं असेल तर मोजणी घरच्या घरी होते. दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखा. तो जवळपास एक गुंठा होतो. निलगिरीत दोन, अकेशियात दोन, ओढ्याकडेला दोन असे तुकडे पुरेत. उतारावर अंतर मोजताना टेप आडवा, पातळीत धरा. उताराला लावून धरलात तर तुकडा लहान पडतो. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १३७ सेंटिमीटरवर, चढाच्या बाजूनं मोजा. त्या जागी ऑइलपेंटची बारीक रेघ मारा आणि दरवर्षी टेप त्याच रेघेवर धरा. निलगिरीची सुटलेली साल हातानं काढून मगच मोजा, नाहीतर एक वर्ष झाड वाढलेलं आणि पुढच्या वर्षी आकसलेलं दिसेल. ऐनाच्या खरबरीत सालीचे टवके मात्र काढू नका. तिथे टेप फक्त घट्ट बसवा. मोजणी दरवर्षी फेब्रुवारीतच करा. पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते, आणि तो फुगवटा बारीक झाडाच्या वर्षाच्या वाढीएवढा असू शकतो.

घेरावरून बुंध्याचा छेद काढा: घेर गुणिले घेर, भागिले १२.५७. घेर ६० सेंटिमीटरचा ६२ झाला तर छेद २८६ वरून ३०६ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे वीसेक चौरस सेंटिमीटरची वाढ. १२० चा १२२ झाला तर वाढ जवळपास ३९ ची. टेपवर दोन्ही दोनच सेंटिमीटर दिसतात, पण जाड झाडानं दुप्पट लाकूड घातलेलं असतं. ओढ्याकडेचा जुना ऐन 'आता वाढत नाही' म्हणून तोडायला निघण्याआधी हा हिशेब करून बघावा.

पाचोळा मोजायचा असेल तर एक मीटर बाय एक मीटर लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी लावून गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. पंधरा दिवसांनी गोळा करा, ६५ ते ७० अंश तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, साधारण ४८ तास. प्रयोगशाळेची सोय नसेल तर कडक उन्हात वाळवून तेच वजन दरवेळी त्याच पद्धतीनं घ्या.

कोणी तुमच्याकडे झाडांच्या कार्बनचा अंदाजपत्रकी तक्ता घेऊन आलं तर त्यातले आकडे असे तपासा. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे ४७ टक्के भाग कार्बन धरतात, आणि कार्बनला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे १०० किलो कोरडं लाकूड म्हणजे ४७ किलो कार्बन, म्हणजे सुमारे १७२ किलो कार्बन डायऑक्साइड. ओल्या लाकडाचं वजन घालून हा गुणाकार केलेला असेल तर आकडा फार फुगलेला असतो. आणि 'वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी जादा वाढ' असा वेगळा रकाना असेल तर तुमच्या जमिनीसाठी तो शून्य करायला सांगा. ओक रिजला तो दहा वर्षांत निम्म्याहून खाली आला, आणि सिडनीला लाकडाच्या बाबतीत तो शून्यच होता.

पाच फेब्रुवारींच्या नोंदी हातात आल्यावर छेद वाढलेला दिसला, तरी त्याचं श्रेय कार्बन डायऑक्साइडला देता येणार नाही, कारण जादा कार्बन न मिळालेला तुलनेचा तुकडा तुमच्याकडे नाही. म्हणून वहीत घेराशेजारी आणखी दोन रकाने ठेवा: त्या वर्षीचा जून ते ऑक्टोबरचा पाऊस, आणि त्या तुकड्यातून पाला गेला की राहिला. वाढीतला फरक आधी या दोघांत शोधा.